खिडकीच्या फटीतली राख

पेटंटच्या सुनावणीत, ते रद्द करू पाहणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी बिस्किटाएवढी काळी चकती माझ्यापुढे सरकवली. वीज कोसळली, की तारांतला जादा प्रवाह जमिनीत सोडून अशी चकती घरातली उपकरणं वाचवते. सुकन्या तेंडोलकरने जस्ताच्या ऑक्साइडच्या भुकटीत भाताच्या तुसाची राख मिसळली आणि वारंवार विजा पचवूनही न तडकणारी चकती बनवली. हे कोणालाही सुचलं असतं, असं मी तज्ज्ञ म्हणून सांगितलं, तर तिचं पेटंट रद्द होणार होतं. ती समोरच बसली होती.

“सर, या विषयातले तुम्ही मोठे—” वकिलांनी सुरुवात केली.

“मोठा कसला हो! सामान्य. पुस्तकाबाहेरचं मला कधी काही सुचलं नाही.”

“उत्तम! कायदा सामान्य जाणकारालाच विचारतो. राख मिसळणं तुम्हालाही सुचलं असतं ना?”

इतरांना सहज दिसतं ते मलाच दिसत नाही, असं आयुष्यभर वाटत आलेलं. मी ‘हो’ म्हणणारच होतो. मग आमची प्रयोगशाळा आठवली. बाहेरून उडत येणाऱ्या राखेचा कणही चकत्यांच्या मिश्रणात जाऊ नये, म्हणून मी खिडक्यांच्या फटी कागदाने बुजवत असे.

“नाही,” मी म्हणालो. “आम्ही राख बाहेर ठेवायला धडपडायचो. ती मुद्दाम आत घालायची, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.”

“सर, तुम्ही आमचे साक्षीदार!”

“सामान्य माणसालाच विचारलंत ना?”

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी माझं वाक्य शब्दशः उतरवून घेतलं. वकिलांनी फाइल मिटली.

बाहेर सुकन्या थांबली होती. “सर, नव्या मिश्रणात एक गोष्ट अडलीय. येऊन बघाल?”

“मला काही सुचेलच असं नाही,” म्हणत मी तिचा पत्ता विचारला.