लाल गोलाच्या बाहेर

रिमोट आवडाबाईच्या मांडीखाली होता आणि ती काही केल्या उठत नव्हती.

"सुरेखा, बंद कर ते," कडूबा लेकीवर खेकसला. "नाय ते दिसंल हिला."

दूरच्या कुठल्या तरी शहरात स्फोट झाला होता. पडद्यावर नुसता धूर दिसत होता. बाकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं, पण निवेदक लगीनघरातल्या आचाऱ्यासारखा घामाघूम होऊन ओरडत होता. खालून 'सर्वात आधी आम्हीच' अशी पट्टी धावत होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. इथं तर मढं अजून सापडलंही नव्हतं.

नवं दाखवायला काही नसलं की चॅनलवाले जुनं उकरून काढतात. कडूबाला त्याचीच धास्ती. अतिरेक्यांनी मागं एका बाजारात बॉम्ब ठेवला होता, तेव्हाचं सीसीटीव्हीतलं ते चित्र. एका बेवारस पिशवीभोवती लाल गोल, वर मोठा बाण. गोलाच्या बाहेर चौकडीच्या शर्टातला एक पोरगा बाही दुमडत चालत येतो, मागं वळून कुणाकडं तरी बघून हसतो आणि पडदा पांढराफटक होतो. तो पोरगा म्हणजे यांचा ऋतुराज. त्या शहरात नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं.

कडूबानं ते एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून फुलंब्रीच्या घरातली डिश बंद. सुरेखाच्या मोबाइलमधूनही त्यानं ते पुसायला लावलं. आईच्या काळजाला डागण्या तरी किती द्यायच्या? पण कुठं स्फोट झाल्याचं कानावर आलं की आवडाबाई पिशवी उचलायची आणि मिळेल त्या गाडीनं उस्मानपुऱ्यात लेकीचं घर गाठायची. घाबरत असेल बिचारी, लेकीजवळ बसावंसं वाटत असेल, असं म्हणून कडूबा मागोमाग यायचा. आजही तसाच आला होता.

"आवडे, दे तो रिमोट. जिवाला तरास करून घेऊ नको."

"बसा वो गुमान," आवडाबाई म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. हातातल्या बांगड्या ती सारख्या मागं-पुढं करत होती.

"अशाच एका भीषण हल्ल्याची दृश्यं आता आपण पाहणार आहोत," निवेदक म्हणाला. कडूबा ताडकन उठला. तो बटणापाशी पोचतो तोच पडद्यावर नवी पट्टी झळकली. गॅसचं सिलिंडर फुटलं होतं. घातपात नव्हता. मेलं कुणीच नव्हतं. निवेदकाचा आवाज एकदम खाली आला. धूर गेला आणि क्रिकेट सुरू झालं.

कडूबा मटकन खाली बसला. "सुटलो रे देवा. बॉम्ब नव्हता. कुणाचं लेकरू गेलं नाय."

आवडाबाईनं मांडीखालचा रिमोट काढून त्याच्यापुढं ठेवला. तिचा चेहरा पार उतरला होता.

"म्हंजी आता आपल्या ऋतूला नाय दावणार," ती म्हणाली.

आपण काय बोलून गेलो ते तिचं तिलाच कळलं. तिनं तोंडावर पदर दाबला. कडूबानं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं.

"त्यो काय, हितं हाय की. आपल्या घरीबी हाय."

आवडाबाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"फोटूतला चालत येत नाय वो."