किंचित घासणे

शौकत मिस्त्रींनी स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलचं मागचं चाक हातानं फिरवलं. खस्स, खस्स. “काका, एवढं घासायचंच. ब्रेक जागेवर आहे म्हणून घासतंय.”

मी मान डोलावली, पण पटलं नाही. माझी मुलगी रोज याच गाडीवरून घाट उतरून दवाखान्यात कामाला जाते. मिस्त्री गेल्यावर मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. ‘ब्रेक सोडल्यावर चाक मोकळे फिरले पाहिजे,’ असं पानाच्या तळाशी छापलं होतं. मग चाक अजिबात आवाज न करता फिरेपर्यंत मी ब्रेकचा नट सैल करत गेलो.

सकाळी मुलीनं विचारलं, “बाबा, गाडीला हात लावलात?”

“छे गं!” ती हसेल म्हणून मी खोटं बोललो.

“मग पुस्तकाला ग्रीस कुठून लागलं?” हसतच तिनं किक मारली.

ती गेल्यावर मी ते पान पुसलं आणि उलटलं. ‘मात्र किंचित घासणे स्वाभाविक आहे. त्यासाठी नट सैल करू नये.’

घाटाच्या पहिल्या वळणावर ती रोज माझ्यासाठी दोनदा हॉर्न वाजवते. आज तो वाजला, आणि वाजतच राहिला.