थोरलीचं हक्कसोडपत्र

महाराज गेले. गादी लेकींना मिळत नसे, म्हणून उद्या ती चुलतभावाला मिळणार होती. वडील अंथरुणाला खिळले ती नऊ वर्षं राज्य थोरल्या लेकीनेच हाकलं होतं. दिवाणांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र सरकवलं. दरबाराचा शिक्का त्यावर आधीच उमटलेला होता. "सही करा, ताईसाहेब. नुसती रीत आहे." तिने कागद दोनदा वाचला. "दिवाणकाका, बायकांना गादीवर हक्कच नाही ना?" "नाही. पिढ्यानपिढ्या नाही." "मग मी नेमकं काय सोडू?" दिवाणांनी दौत पुढे सरकवली. "पुढे कटकट नको म्हणून." "आजवर कुणी माझा हक्क तोंडदेखलासुद्धा मान्य केला नव्हता. तुम्ही तर शिक्क्यानिशी लिहून दिलात." दिवाणांचा हात कागदाकडे धावला, तोवर तिने घडी करून तो कमरेला खोचला होता. "उद्या भर दरबारात हा मी वाचणार. गादीवर बसणाऱ्या दादाला तेवढं वेळेवर उठवा, त्याच्यासमोरच वाचायचाय."