बेबीनंदाच्या झिणझिण्या

“आई गं!” स्वयंपाकघरातून मोनालीचा आवाज आला आणि बैठकीत तातेरावांच्या घशात चहा अडकला.

मुलीकडचे लोक घर पाहायला केदारखेड्याला आले होते. घर पाहायला मुलगी स्वतःच येते, हे तातेरावांना पचले नव्हते. पण राजानंदची स्थळे एकामागून एक मोडलेली, पोरगा तिशी ओलांडलेला. तेव्हा तोंडाला कुलूप. आता सगळी भिस्त या नव्या बंगल्यावर होती.

मोनाली हात चोळत बाहेर आली. “काका, तुमच्या फ्रिजला करंट आहे.”

“छे! आमाला तर कधी लागला न्हाई,” तातेराव हसले.

लागणार कसा? बापलेक घरात रबरी चपला घालून हिंडत, आणि पाण्याचा ग्लास त्यांना बसल्या जागी मिळे. अनवाणी असे ती एकटी बेबीनंदा, राजानंदची आई. घर बांधल्यापासून तिने हाताला झिणझिण्या येतात म्हणून टुमणे लावले होते. तातेरावांनी तिला भोकरदनचा डॉक्टर दाखवला, जालन्याचा दाखवला, ताकदीच्या गोळ्या चालू केल्या. “वय झालं तुझं,” हे औषध तर ते घरच्या घरी रोज देत.

मोनाली जालन्यात एका कारखान्यात अर्थिंग तपासायच्या कामावर होती. ड्यूटीवरून परस्पर आलेली. तिने बॅगेतून चिमट्यासारख्या तोंडाचा मीटर काढला आणि मागच्या भिंतीवरून जमिनीत गेलेल्या अर्थिंगच्या वायरभोवती त्याचे तोंड मिटवले. पाहुणे गोळा झाले. मीटर आकडाच दाखवेना.

“करंट जमिनीत जायची वाट कुठंतरी तुटलीय, काका. वायर जरा ओढून पाहता?”

“पाहतो की! कोळसा-मीठ घालून पुरुषभर खड्डा केलाय,” म्हणत तातेरावांनी ऐटीत हिसका दिला. वायर मुळ्यासारखी उपटून हातात आली. पुरती वीतभरही मातीत नव्हती.

तेव्हा कुठे त्यांना आठवले. खड्डा खणला होता खरा. पण गृहप्रवेशाच्या पंगतीत कुणी पडायला नको म्हणून त्यांनीच तो बुजवायला लावला, आणि वायर तात्पुरती मातीत खोचून दिली. पाहुणे जेवून गेले, खड्डा राहिला. वायर गेली नाही ती गेली नाही, निदान आपण तरी जमिनीत जावे, असे तातेरावांना वाटले.

“घरी जाऊन कळवतो, तातेराव,” मोनालीचे वडील भारतराव कोरड्या आवाजात म्हणाले. या वाक्याचा अर्थ आता राजानंदलाही पाठ होता. त्याचा चेहरा पडला. तातेरावांना सगळा राग आला तो पोरीचा.

“पाहुणी म्हणून यावं का घराची तपासणी करायला?” ते पुटपुटले.

पाहुण्यांसमोर कधी तोंड न उघडणारी बेबीनंदा दारातून पुढे आली. तिने मोनालीचा हात आपल्या हातात घेतला.

“तुला बी लागला न्हवं, बाई?”

“लागला ना, मावशी! चांगलाच.”

बेबीनंदाचे डोळे भरून आले. मग तिने पदर खोचला आणि नवऱ्याकडे वळून सगळ्यांदेखत सांगितले,

“ही पोरगी या घरात आली तर बराबर. न्हाई तर तिच्यासंगं मी चालले जालन्याला.”