भिंतीवरची स्वारी

भिंतीवर राजा आला आणि सारं अंगण हसून लोटपोट झालं.

काळाकुट्ट राजा. ओठ केळ्यांएवढे, डोळे बशांएवढे. डोक्यावर मुकुट आणि मुकुटाखाली केसांत खोवलेलं हाड. त्याच्यापुढे तसल्याच चेहऱ्यांची पलटण कर्णे फुंकत, ढोल बडवत निघाली होती. चित्रं अमेरिकेत काढलेली, महायुद्धाच्या आधीची. या बाजाला जाझ म्हणतात, असं प्रोजेक्टर देणाऱ्या तेल कंपनीतल्या साहेबानं मुनीरला सांगितलं होतं. साहेबाकडे आणखीही रिळं होती. एकात मांजर होतं, एकात बदकं होती. मुनीरनं हेच मागून घेतलं.

चौसष्ट साली दुबईच्या देऱ्यात वीज अजून नवी होती. भिंतीवर चित्रं हलणार म्हटल्यावर संध्याकाळची मगरिबची नमाज होताच मुनीरच्या भाड्याच्या घराचं अंगण भरून गेलं. माणसं बहुतेक मुरुड-श्रीवर्धनकडची, धक्क्यावर नाहीतर पेढ्यांवर कामाला असलेली. पुढे पुरुष, मागे बायका. पहिल्या रांगेत मुनीरच्या शेजारी मुबारक बसला होता. तो इथलाच. धक्क्यावर गलबतं भरून घेणारा मुकादम आणि लग्नांत ढोल वाजवणारा. त्याचे पणजोबा की कोण आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले होते, आणि रंग त्यानं त्यांचाच घेतला होता. त्याचा मुलगा सालेम मुनीरच्या मुलीला, अजराला, मागणी घालत होता. अजरानं हो म्हटलं होतं.

मुनीरच्या तोंडून मात्र 'नाही' निघत नव्हतं. मुबारक भला माणूस, सालेम पाच वेळचा नमाजी. कारण काय सांगणार? खरं कारण बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यानं फुफूला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला, मुंबईच्या बोटीनं बोलावून घेतलं. बदरुन्निसाफुफूच्या शब्दाशिवाय त्यांच्या घरात सोयरीक होत नसे. मुलगा कोण, कसा, हे तिला त्यानं सांगितलंच नव्हतं. आधी ती चारचौघांबरोबर पोट धरून हसेल. मग दिवा लागेल. मग मुबारक पुढे येईल. खलास. नकार फुफूचा, मुनीर नामानिराळा.

"मुबारकभाई, आपके चचा आ गए!" मागून खैरुद्दीन ओरडला. पुन्हा हशा उसळला.

मुबारक हसला नाही. मुंबईच्या फेऱ्यांत शिकलेल्या हिंदीत तो शांतपणे म्हणाला, "शकल झूठी है, खैरुद्दीन. ढोल सच्चा है." त्याची बोटं गुडघ्यावर त्या ढोलाचा ठेका धरून होती, आणि ठेका कुठेही सुटत नव्हता.

अजरा बायकांतून उठून बापाच्या खुर्चीमागे आली.

"बावा, हे तुम्ही मुद्दाम लावलंत."

"गप बस. सगळे हसतायत."

"फुफूदादी नाही हसत."

मुनीरनं वळून पाहिलं. फुफू उभी राहत होती. मोतीबिंदूमुळे तिला बारीकसारीक काही दिसत नसे. तिला ओठ दिसले नाहीत, हाड दिसलं नाही. दिसला तो काळा चेहरा, मुकुट, पुढे वाजंत्री आणि दोन्ही बाजूंना वाकलेली माणसं. कार्टून हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. तिनं पदर डोक्यावर ओढला, कमरेत वाकली आणि भिंतीला सावकाश आदाब केला.

घरातलं थोरलं माणूस उभं राहिलं की बसून राहायचं नाही. आधी बायका उठल्या. मग खैरुद्दीन उठला. मग टोप्या सारख्या करत सगळं अंगणच उठलं. मुबारकही उठला, कशासाठी ते न कळता. भिंतीवर राजा नाचत होता, कर्णे वाजत होते आणि त्याच्यासमोर कोकणची सगळी माणसं अदबीनं उभी होती. हसणं कुठल्या कुठे गेलं.

मुनीर धावत मागे गेला. "फुफू, अगं काय करतेस? खेळ आहे हा. हसायचं असतं."

"हसायचं?" फुफूचा आवाज चढला. "मुरुडवर राज्य कुणाचं होतं रे? हबश्यांचं, सिद्द्यांचं! सिद्दी सरदाराची स्वारी निघाली की माझा बाप रस्त्याच्या कडेला चपला काढून उभा राहायचा. आणि तुम्ही दात काढता? दुबईत येऊन रीतभात खाडीत बुडवलीत काय?"

रीळ संपलं. अंगणातला दिवा लागला. मुबारक पुढे आला आणि छातीवर हात ठेवून त्यानं सलाम केला. डोळे बारीक करून फुफू त्या उंच, काळ्या माणसाकडे बघत राहिली.

"हे कोण?"

मुनीर म्हणाला, "हेच... सालेमचे वडील. अजराला मागणी यांच्याच घरची."

फुफूनं पदर आणखी पुढे ओढला. मुनीरचा कान धरून त्याला जवळ घेतलं आणि स्वतःला कमी ऐकू येणारं माणूस कुजबुजतं तशी, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली,

"मेल्या, सिद्द्यांच्या घरची मागणी, आणि मला आत्ता सांगतोस? त्यांना नीट विचारलंस ना, आपल्यासारख्या सुकट विकणाऱ्यांची पोर चालेल ना त्यांना?"