क्षमेच्या यादीतला चोर

सगळ्यांची क्षमा मागून झाली होती. एक चोर तेवढा उरला होता.

रसीलाबेन वोरांनी यादीतल्या एकेका नावापुढे खूण केली होती. सून, विहीणबाई, खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबेन, अगदी पंप वेळेवर न लावणारा वॉचमनसुद्धा. जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा संवत्सरीचा दिवस होता. आठ दिवस पोटात उकळलेल्या पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. चार वाजता उपाश्रयात प्रतिक्रमणाला बसायचं आणि वर्षभराची पापं धुवायची. पण मनात एकाविषयी जरी वैर उरलं, तर आठ दिवस पोट मारलं ते फुकट. हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं आणि पालडीतल्या निम्म्या सोसायटीला त्यांनी.

वैर होतं ते बिल पाठवणाऱ्याशी. दर महिन्याच्या पाच तारखेला ईमेल यायचं. ‘आपलं सदस्यत्व पुढे चालू ठेवलं आहे. दोनशे नव्याण्णव रुपये. आभार.’ कसलं सदस्यत्व, काही पत्ता नाही. वर एक इंग्रजी नाव आणि सोनेरी मुकुट. नवराबायकोत ईमेल एकच, मुलानं काढून दिलेलं. रसीलाबेननी जन्मात म्हाताऱ्या गुरांचं पांजरपोळ सोडून कशाची वर्गणी भरली नव्हती. असंच बिल रद्द करायला म्हणून मुक्ताबेनच्या जावयानं बिलाखाली दिलेल्या नंबरावर फोन केला होता, तर त्याचं सगळं खातं धुऊन निघालं. त्यामुळे रसीलाबेननी फोन केला नाही. त्यांनी उत्तरं लिहिली.

आणि काय उत्तरं! एकदा ‘तुझ्या तोंडात किडे पडोत’ असं लिहून झालं. मग किड्यांचे हाल नकोत म्हणून ‘किडे’ खोडून ‘माती’ केलं. समोरून दर वेळी एकच जबाब यायचा, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत.’ त्यानं त्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची.

“निर्लज्जं सदासुखी!” त्या नवऱ्याला, कीर्तिभाईंना म्हणायच्या. “पोलिसांत जाऊ या, चला.”

पोलिसांचं नाव काढलं की कीर्तिभाईंचे गुडघे दुखायला लागायचे. बँकेत मात्र ते दर महिन्याला स्वतः जायचे. “एक रुपया हललेला नाही. सोड ना,” येऊन सांगायचे. मग टॅबलेट घेऊन, कानांत इयरफोनची बोंडं घालून गॅलरीत प्रवचन ऐकत बसायचे. त्यात त्यांचा जीव इतका रमायचा, की मधूनच ते आवंढा गिळायचे. म्हातारपणी का होईना, नवऱ्याला धर्माची गोडी लागली याचं रसीलाबेनना समाधान होतं.

साडेतीन वाजले. काखेत बसायचं आसन घेऊनच त्या टॅबलेटवर टाइप करत होत्या.

“आत्ता कोणाला लिहितेस?” कीर्तिभाईंनी विचारलं.

“चोराला. क्षमा मागतेय.”

“चोराची क्षमा? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“चोरी केली ते त्याचं पाप. शिव्या दिल्या ते माझं. त्याचं तो बघेल.”

लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. “भाई, वर्षभर मी तुझं वाटोळं चिंतलं. तुझ्या आईबापांनाही सोडलं नाही. मनानं, वाणीनं, कायेनं तुला दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. तुझ्याही घरी बायको असेल. तिच्याकडे बघ आणि हा धंदा सोड.”

आठ दिवसांच्या उपवासानं त्यांचं मन लोण्याहून मऊ झालं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि बोट पुढे नेलं.

“पाठवू नको,” कीर्तिभाई म्हणाले. “तो चोर नाही.”

“मग कोण आहे?”

कीर्तिभाई दर वर्षी जाता जाता, चपला घालता घालता मिच्छामि दुक्कडम् म्हणून मोकळे व्हायचे. आज ते दुखऱ्या गुडघ्यांनिशी खाली बसले आणि त्यांनी हात जोडले.

“बिल खरं आहे, रसीला. सदस्य मी आहे.”

“कशाचे?”

“स्वयंपाकाची वेबसाइट आहे.” त्यांनी आवंढा गिळला. “बटाट्याची. रोज एक नवा पदार्थ दाखवतात.”

चव्वेचाळीस वर्षांत त्या घराचा उंबरा बटाट्यानं ओलांडला नव्हता. जमिनीखाली उगवणारं काहीच नाही. समोसा कच्च्या केळ्याचा, वडा कच्च्या केळ्याचा, वेफरसुद्धा केळ्याचे.

“खाल्लात?” रसीलाबेनचा आवाज चिरकला.

“नाही गं! देवाशपथ, नुसता बघतो.”

“आणि ते प्रवचन?”

“ते... तळण्याचा आवाज असतो.”

“आणि बँक?”

“बागेतल्या बाकड्यावर बसून यायचो.”

चोराला क्षमा करणं किती सोपं होतं! तो कुठेतरी लांब होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. हा समोर बसला होता, आणि याच्याच घराचं वाटोळं त्या महिनोन्‌महिने चिंतत होत्या. जिभेवर एकाहून एक सरस शब्द येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले. आठ दिवसांत पोटात गेलेलं पाण्याव्यतिरिक्त ते पहिलंच.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग काखेतलं आसन जमिनीवर अंथरलं, कीर्तिभाईंना खेटून बसल्या आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला.

“लावा,” त्या म्हणाल्या. “पापं धुवायला अजून वीस मिनिटं आहेत. आज कोणता पदार्थ आहे?”