सोमवारपासून नवीन सॉफ्टवेअर

"सोमवारपासून आपण नवीन सॉफ्टवेअरवर काम करून बघायचं," बाई मास्तरांना म्हणाल्या.

"का? जुन्याला काय धाड भरलीय?" मास्तरांनी हसत विचारलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नव्यात सगळं पडद्यावर दिसतं. कुठलं वाद्य कुठल्या वाद्यावर चढतंय, ते लाल रंगात दाखवतं. आठवडाभर वापरा, मग काय ते ठरवू."

पंधरा वर्षं दोघं एकाच खोलीत मालिकांचं पार्श्वसंगीत करत होते. मास्तर संगणकावर चाल बांधायचे. बाई सगळ्या वाद्यांचे आवाज नीट बसवून ती पुढे पाठवायच्या. गाडी रुळावर होती. निदान लोकांना तसं वाटत होतं, आणि मास्तरांचा जीव तेवढ्यावरच टिकून होता.

कारण मास्तरांचे कान गेले होते.

आधी वरचे सूर गेले, मग मधले. आता स्पीकरमधून नुसती घरघर यायची. समोर बसून कुणी बोललं, तर ओठांवरून निभायचं. कानाला यंत्र लावता आलं असतं, पण संगीतकाराच्या कानात यंत्र दिसल्यावर त्याला काम कोण देणार? कान गेल्याचं फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं आणि बायकोला.

जुनं सॉफ्टवेअर होतं म्हणून तर सगळं चाललं होतं. त्यातला एकेक आवाज मास्तरांनी चांगल्या कानांनी ऐकलेला होता. बासरी क्रमांक चार जरा धापा टाकायची. व्हायोलिन दोनला कायमची सर्दी. पडद्यावर पट्ट्या मांडल्या की चाल डोक्यात आपोआप वाजायची. नव्या सॉफ्टवेअरमधले आवाज मात्र त्यांनी कधी ऐकले नव्हते, आणि आता ऐकू येणारही नव्हते.

चुकून काही बिनसलंच, तर बाई होत्या. त्यांचा कान भारी तिखट. पूर्वी एकेका चालीत दहा खोडी काढायच्या. गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांनी एकही चाल परत केली नव्हती. आपली आठवण इतकी पक्की आहे, याचा मास्तरांना मनातल्या मनात अभिमान वाटायचा. मध्यंतरी निर्माताही म्हणाला होता, "मास्तर, हल्ली तुमचं संगीत फार धाडसी झालंय."

पण आता बाईंना संशय आलेला दिसत होता. हल्ली त्या खुर्ची वळवून बरोबर समोर बसत. फोनवर बोलणं त्यांनी बंदच केलं होतं. "सगळं लिहून पाठवा, नंतर घोळ नको," असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि चाल वाजायला लागली की त्या मास्तरांचा चेहरा न्याहाळत.

"हे सॉफ्टवेअर म्हणजे सापळा आहे," ते घरी म्हणाले.

"मग सांगून टाका ना एकदाचं," बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. "किती दिवस असं जीव मुठीत धरून जगणार?"

"अगं, सांगितलं की संपलंच. मला दुसरं येतं काय?"

"भाजी बरी चिरता," ती म्हणाली. त्यांना हसू आलं नाही, तेव्हा तिने त्यांचा हात हातात घेतला.

सोमवारी नवीन सॉफ्टवेअर आलं. प्रसंग होता हरवलेल्या मुलीला शोधत इस्पितळाच्या जिन्यावरून धावणाऱ्या आईचा. मास्तरांनी नुसती नावं वाचून वाद्यं निवडली. 'कोमल बासरी' कोमल असेलच कशावरून? 'काळोखी तारा' म्हणजे नक्की काय? तीन दिवस ते आंधळेपणाने मांडत राहिले. लाल रंग दिसला की ते पट्टी इकडची तिकडे सरकवत.

गुरुवारी दुपारी दोनपर्यंत चाल पाठवायची होती. दीड वाजता बाई समोर येऊन बसल्या.

"लावू?"

"लावा."

पडद्यावरची रेघ पुढे सरकू लागली. मास्तरांना घरघरसुद्धा नीट ऐकू येईना. बाईंची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. चाळीस सेकंद. पन्नास. आता काहीतरी करायलाच हवं होतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि अगदी तल्लीन झाल्यासारखी हळूच मान डोलावली.

डोळे उघडले तेव्हा रेघ थांबलेली होती.

"छान झालीय?" बाईंनी विचारलं.

"छान झालीय," मास्तर म्हणाले.

बाईंनी बटण दाबून चाल पाठवून दिली. एका अक्षराने त्यांनी खोट काढली नाही. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच बाई म्हणाल्या, "आता आणखी लपवण्यात अर्थ नाही, मास्तर." त्या उठल्या आणि दार लावायला गेल्या.

पकडले जाण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं. बाईंच्या पाठीकडे बघत ते घाईघाईने म्हणाले, "बाई, मी सांगणारच होतो. माझे कान गेलेत. तुमच्या भरवशावर ढकलत होतो सगळं."

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कडी नीट बसली की नाही ते पाहिलं, मग सावकाश परत आल्या आणि समोर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे सॉफ्टवेअर मी माझ्यासाठी आणलं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मास्तर, मला एकही सूर ऐकू येत नाही. तुमची मान डोलली, की मी चाल पाठवून देते."